शीव वलांडली

आमचं गाव पलूसच्या अंगाला. ओढ्याच्या अलीकडे खालसा मुलूख, पलीकडे संस्थान. मोठी लढाई संपल्यावर या गावात आम्ही दोघे भाऊ परतायला हवे होतो. मी एकटाच आलो. थोरला ब्रह्मदेशात बेपत्ता झाला, एवढंच पलटणीकडून कळलं होतं. घरात कुणी मला बोल लावला नाही. पण ताटावर बसलो की वाटे, हा घास त्याचा आहे. वहिनी वाढायची, बोलायची मात्र नाही. तिच्या कपाळावरचं कुंकू भावकीच्या डोळ्यांत सलत होतं.

सुगी उरकली आणि बैलाच्या गळ्यातली घंटा वाजवत आमचा हेळवी आला. घराण्याच्या पिढ्या त्याला तोंडपाठ. मागच्या फेरीनंतर कोण जन्मलं, कोण गेलं, हे घरच्यांनी सांगायचं. त्यानं ते घराण्याच्या वेलात ओवून चारचौघांत म्हणायचं. त्याच्या तोंडून एकदा निघालं की भावकी ते मोडत नसे. म्हणूनच वहिनी दाराआड उभी होती.

वडील खाली मान घालून बसले. चुलतेच बोलले, "थोरल्याचा येल थांबला म्हना, हेळवी. किती दिस वाट बगायची?"

"तुमच्या जिभंला काय हाड हाय का न्हाई?" आई कडाडली.

"भांडा आदी निवांत," हेळवी म्हणाला, "तवर मी तंबाकू मळतो."

मळून झाल्यावर त्यानं माझ्याकडे पाहिलं. "काय रं फौजी, भाऊ पडलेला डोळ्यानं बगितलास?"

"न्हाई. माझी पलटण येगळी हुती." हे सांगतानाही मला अपराध्यासारखं झालं.

"मग तू न्हाई बगितलास, ह्यांनी न्हाई बगितलं. मी कसं म्हनू?" तो चुलत्यांकडे वळला. "आवं पाटील, तुमचा मूळपुरुष ओढा वलांडून हितं आला. त्याच्या जुन्या गावात माझी भावकी पिढ्या म्हनती. तितं त्यो मेला असं अजून कोन म्हनत न्हाई. 'शीव वलांडली' म्हनत्यात. त्यो तितं मेला असता, तर तुमी आज हितं मिशीला पीळ देत बसला असता व्हय?"

चुलत्यांचा हात मिशीवरून खाली आला. आई पदराआड हसली.

मग हेळव्यानं घंटा हलवली आणि पिढ्या म्हणायला लागला. एकेक पुरुष, त्याची लेकरं, त्यांची लेकरं. आमच्या वडिलांपाशी आला तशी मी मान खाली घातली.

"थोरल्यानं शीव वलांडली," तो खणखणीत म्हणाला, "येल हिरवा हाय. धाकला घरी आला, येल हिरवा हाय."

दोघांसाठीही त्यानं एकच शब्द वापरला होता. मी मान वर केली.

हेळव्याला सुपातलं धान्य घालायचा मान घरच्या सवाशिणीचा. आई असताना तो आईचाच. पण ती जागची हलली नाही. "सूनबाई, सूप आन," एवढंच म्हणाली.

वहिनी जोंधळ्यांनी शिगोशीग भरलेलं सूप घेऊन बाहेर आली. चुलते सरकून बसले, तिला वाट दिली. तिनं हेळव्याच्या झोळीत दाणे ओतले, सूप झटकलं आणि माझ्याकडे वळली.

"भावजी, नुसतं बगत काय बसलाय? बैलाला पेंडी घाला की."

मी परतल्यापासून तिचा माझ्याशी तो पहिला शब्द. मी पळतच गंजीकडे गेलो.