वाऱ्याचं झबलं

काटेकाका प्रवाशाचं वजन कधी मोठ्याने सांगत नसत. काट्याचा आकडा दाखवणारी पेटी त्यांनी स्वतःकडे वळवून घेतली होती. आकडा पेन्सिलीने लिहायचे आणि वर हात आडवा धरायचे, परीक्षेत हुशार मुलं धरतात तसा.

कुणी चपला काढायला लागलं की म्हणायचे, "राहू द्या हो. चपला काय इथेच ठेवून जाणार आहात?"

कुठल्याही प्रश्नाचं उत्तर देण्याआधी खिडकीतून धावपट्टीकडेच्या वाऱ्याच्या पिशवीकडे बघायचे. चहा घेणार का, असं विचारलं तरी.

माणूस दारातून आत येतानाच त्याचं वजन मनाशी ठरवून तळहातावर लिहायचे. अंदाज किलोभराच्या आत आला की दिवसभर स्वारी खूश.

विमान ठिपका होऊन नाहीसं होईपर्यंत त्याच्याकडे पाठ करायचे नाहीत. मग म्हणायचे, "गेलं." आणि गार झालेला चहा प्यायचे.

काउंटरवरच्या मुलीने हे सगळं पहिल्या महिन्यातच टिपलं होतं. साहित्य घेऊन एम.ए. झाल्यावर तिला दुसरं काही मिळेना, म्हणून ती इथे तात्पुरती लागली. त्या तात्पुरतीला तीन वर्षं झाली होती. काका तिला कवयित्री म्हणत. तिने जन्मात एक ओळ कविता केली नव्हती.

"मग कर की," काका म्हणत. "दोन विमानांच्या मध्ये दोन-तीन दिवस मोकळे असतात."

विमान मंगळवारी आणि शुक्रवारी यायचं. एकोणीस आसनांचं, दोन पंख्यांचं. डोंगरातल्या गावाहून इथे, इथून पुढच्या एका थांब्यावर, तिथून मोठ्या शहरात. संध्याकाळी त्याच वाटेने परत. कंपनीकडे अशी दोनच विमानं होती. विमानतळ म्हणजे एक धावपट्टी, एक खोली आणि एक काटा. काका तिकिटं तपासत, सामान चढवत, शिडीला हात देत, आणि मुलगी रजेवर असली की झाडूही मारत. पण त्यांचं खरं काम वजनाचं. छोट्या विमानात सामानाबरोबर माणसंही काट्यावर चढवावी लागतात. कोण पुढे, कोण मागे, हे त्यावर ठरतं. उन्हाळ्यात तर कोण जाणार आणि कोण राहणार हेही. हवा तापली की विरळ होते, विमानाला उचलायला जड जातं. मग भार कमी करायचा.

त्यासाठी काकांचा नियम होता. काट्यामागच्या फळ्यावर त्यांनी खडूने लिहून ठेवला होता आणि पुसट झाला की पुन्हा गिरवत: आधी सामान, मग आपली माणसं, मग प्रवासी. आपली माणसं म्हणजे कंपनीच्या पासावर फुकट जाणारी. वर्षातून एखादं कुणी असायचं. काका स्वतः तर कधीच नसत.

यंदा मात्र त्यांचं नाव यादीत आलं. हृदयाची एक झडप नीट मिटत नव्हती. शहरातल्या दवाखान्याने बुधवारची तारीख दिली होती. रस्त्याने अकरा तास लागायचे, आणि एवढे धक्के खाऊ नका असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून मंगळवारचं विमान.

"दार नीट लागत नाहीये, एवढंच," काकांनी मुलीला सांगितलं. "सुतार बोलावलाय."

तिने त्यांचं आसन नोंदवलं. पहिल्या रांगेतलं, खिडकीचं. मग घरी जाऊन रडली. मग दोन दिवस त्यांच्यावरच चिडून राहिली.

काका विमानतळामागच्या दोन खोल्यांत थोरल्या बहिणीबरोबर राहत. दोघंच. बहिणीचं शिवणकाम. तिचा मुलगा शहरात होता, तो काकांना उतरवून घेणार होता. मुलगी बहिणीला आत्या म्हणे. रविवारी ती भेटायला गेली, तर आत्याच्या मशीनवर काका बसलेले. मांडीवर नारिंगी आणि पांढऱ्या कापडाचा ढीग.

"बघ, बघ," आत्या म्हणाली. "उशीला अभ्रा शिवून दे म्हटलं तर याचा हात दुखतो. आणि वाऱ्याला झबलं शिवायला बसलाय!"

ती वाऱ्याची पिशवी होती. धावपट्टीच्या कडेला उंच खांबावर असते ती. दोन्ही तोंडं उघडी, एक रुंद, एक अरुंद. वारा भरला की फुगून आडवी होते, आणि तो कुठून येतोय, किती जोराचा आहे, हे वैमानिकाला वरूनच दिसतं. कंपनी दोन वर्षांनी एक पिशवी पाठवायची. इथलं ऊन ती आठ महिन्यांत खाऊन टाकायचं. म्हणून काका मधली पिशवी स्वतः शिवत. पाच पट्टे: नारिंगी, पांढरा, नारिंगी, पांढरा, नारिंगी. खांबावरची आता टोकाला फाटली होती आणि वारा नसतानाही उगाच हात हलवत होती.

"जायच्या आधी व्हायला हवी," काका म्हणाले. "मी नसताना फाटकी पिशवी बघून उतरतील का पोरं?"

"तू काय कायमचा चाललायस का?" आत्या म्हणाली. मग जीभ चावून स्वयंपाकघरात गेली.

सोमवारपर्यंत तीन पट्टे झाले. मंगळवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून, हातात कापडी पिशवी घेऊन काउंटरच्या पलीकडून आले. प्रवाशासारखे. मुलीला हसू आवरेना.

"ओळखपत्र?" ती म्हणाली.

"हे काय," म्हणत त्यांनी तळहात पुढे केला. त्यावर पेन्सिलीने बावन्न लिहिलं होतं. काट्यावर चढले. बावन्नच. हातातल्या पिशवीसकट चोपन्न.

विमान नऊला यायचं होतं. डोंगरातल्या गावी त्याचा टायर बदलावा लागला, आणि ते पावणेबाराला आलं. तोवर धावपट्टीवरची हवा थरथरायला लागली होती. वैमानिक तिशीतली बाई. काका तिला सगळ्यांसमोर कॅप्टनसाहेब म्हणत, बाजूला घेऊन पोरी. तिने तापमान बघितलं, हिशेब केला, आणि टोपी काढून काखेत धरली.

"शंभर किलो कमी करावे लागतील, काका."

काकांनी खिडकीबाहेर बघितलं. मग कामाला लागले. इस्त्रीच्या शर्टातच.

आधी सामान. प्रत्येकाच्या शेजारी जाऊन बसायचे, हळू आवाजात विचारायचे: ही पिशवी शुक्रवारी पाठवली तर चालेल का? त्यांची ही रीतच होती. उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं कधी विचारायचे नाहीत. एका जोडप्याने ट्रंक सोडली. एका म्हाताऱ्या बाईने लोणच्याची बरणी सोडली, पण चार वेळा सांगून, की ती आडवी ठेवायची नाही. नळाचे नमुने घेऊन फिरणारा एक विक्रेता होता, अंगाने भरदार. त्याच्या पेटीत अठरा किलो नळ होते.

"अहो, नळांशिवाय जाऊन मी तिथे काय दाखवू? तोंड?" तो म्हणाला. "तुमच्या दोन्ही खिशांत दोन-दोन आहेत ते तरी काढा," काका म्हणाले. विक्रेता चपापला, मग हसला. खिशांतले नळ निघाले, पेटी निघाली नाही. औषधांचे खोके होते, त्यांना हात लावायचा प्रश्नच नव्हता.

सगळं मिळून अठ्ठेचाळीस किलो निघालं.

मुलीने बेरीज तीनदा केली. उरले बावन्न. तिने मान वर केली नाही.

"कुणी शुक्रवारी गेलं तर चालेल का?" तिनेच उठून खोलीला विचारलं. काकांची रीत मोडून, मोठ्याने. परीक्षेला निघालेला एक विद्यार्थी बुटांकडे बघायला लागला. म्हाताऱ्या बाईने पर्स छातीशी धरली.

ती काकांजवळ गेली. "प्रत्येकाचे चार-चार किलो कमी लिहू," ती पुटपुटली. "कुणाला कळणार आहे?"

"विमानाला."

"काका, उद्या तुमचं ऑपरेशन आहे."

"आणि या तेरा माणसांचं उद्या काही नाही, असं तुला कुणी सांगितलं?"

कॅप्टनही आली. "तुम्ही बसा हो. मी तेल कमी घेते."

"पुढच्या थांब्यावर तेल मिळत नाही, हे मी शिकवू का तुला, पोरी?" काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. मग त्यांनी मुलीच्या हातातला वजनांचा तक्ता घेतला, पेन्सिल काढली, आणि पहिल्या रांगेतल्या स्वतःच्या नावावर एक सरळ रेघ मारली. "चोपन्न गेले. दोन किलो वर उरतात. त्या आजींची बरणी जाऊ दे. उभी ठेव."

खाली सही मुलीची लागणार होती. आज तीच कर्मचारी होती. तिने सही केली. ती सही तिला पुढे कितीतरी दिवस दिसत राहिली. नेहमीपेक्षा सुबक आली होती.

विक्रेता शिडी चढताना थांबला. "काका, तुम्ही नाही का येत?"

"माझं काय, शुक्रवारी येतो. नळ वाजवत जाऊ नका, कॅप्टनसाहेब रागावतात."

विमान उठलं. ठिपका झालं. काका म्हणाले, "गेलं." मुलीने चहा पुढे केला. तो आज गरम होता, आणि ते त्यांच्या लक्षात आलं नाही.

दवाखान्याने शनिवारची तारीख दिली. आत्याने दोन दिवस अबोला धरला, म्हणजे बोलायची ती भिंतीशी. "लोकांचे नळ पोचले पाहिजेत. भावाचं काय, तो काय सामान आहे, कधीही पाठवा." काका मशीनवर बसून ऐकत. बुधवारी चौथा पट्टा झाला. "बघ, राहिलो ते बरंच झालं," त्यांनी मुलीला सांगितलं. "नाहीतर हे अर्धंच राहिलं असतं."

गुरुवारी दुपारी आत्या स्वयंपाकघरात होती. मशीन चालत होतं, मग थांबलं. बॉबिनमधला दोरा संपला असेल, असं तिला वाटलं. तो नेहमीच मध्ये संपायचा, आणि काका नेहमीच हाक मारायचे. तिने हाकेची वाट बघितली. मग स्वतःच बॉबिन भरून घेऊन बाहेर आली.

भाचा रात्रभर गाडी चालवून आला. शुक्रवारी सकाळी सगळं उरकलं. त्यानंतर मुलगी घरी गेली नाही. विमानतळावर आली, कारण विमान येणार होतं.

तिने काट्याची पेटी स्वतःकडे वळवून घेतली. आकडे पेन्सिलीने लिहिले, वर हात धरून. यादीत पहिल्या रांगेत काकांचं नाव होतं, तिनेच मंगळवारी पुन्हा घातलेलं. चोपन्न. तिने रेघ मारली. कॅप्टन शिडीखाली उभी होती. तिला रेडिओवर कळलं होतं. तिने तक्त्याखालच्या सहीवर क्षणभर बोट ठेवलं.

संध्याकाळच्या विमानाने नळवाला परत आला. बाकीचे उतरून गेले तरी हा पेटी घेऊन आपणहून काट्यावर चढला.

"काकांना बोलवा," तो म्हणाला. "दोन किलो उतरलोय. खिसे रिकामे आहेत, बघू त्यांना ओळखता येतं का." मग इकडेतिकडे बघत म्हणाला, "का, आज ते गेले का शहरात? सकाळच्या?"

मुलीने तोंड उघडलं. तीन वर्षं ती या काउंटरवर लोकांना विमान उशिरा आहे, विमान रद्द आहे, तुमची पिशवी राहिली आहे, असं सगळं सांगत आली होती. काकांनी तिला एकच शिकवलं होतं, की असलं काही उभ्याने सांगायचं नाही. ती काउंटरमागून बाहेर आली. "बसा," म्हणाली. तो काट्यावरून उतरला, बाकावर बसला. ती शेजारी बसली आणि हळू आवाजात सांगितलं.

त्याने नळांच्या पेटीकडे बघितलं.

"पेटी अठरा किलोची," तो म्हणाला. "ती ठेवली असती तर..."

तिने ती बेरीजही करून बघितली होती. रात्री, पुन्हा पुन्हा. "तरी चौतीस उरत होते," ती म्हणाली. ते खरं होतं. त्याच्या खांद्यावर तिने हात ठेवला, आणि मग तिला कळलं की आपणच रडतोय.

अंधार पडायच्या आत ती आत्याकडे गेली. आत्या दारात बसली होती. मशीनवरून कुणी काही हलवलं नव्हतं. चार पट्टे जोडलेले, पाचव्यात सुई अजून रुतलेली. खिडकीतून येणाऱ्या वाऱ्याने कापड जरा फुगायचं आणि पडायचं. बाहेर खांबावर फाटकी पिशवी हलत होती.

"मला येतं शिवायला," आत्या म्हणाली. "पण त्याची टीप बारीक असायची. माझी मोठी पडेल."

मुलगी मशीनसमोर वाकली. शेवटच्या पट्ट्यावर, जिथे कड दुमडायची तिथे, पेन्सिलीची एक खूण होती. टीप त्या खुणेच्या वीतभर अलीकडे थांबली होती.