हसल आणि साठ भाकरी

"हसल म्हंजे काय गं?" तव्यावरची भाकरी उलटत चंद्रव्वानं विचारलं.

सकाळपासून लेकीच्या तोंडी तोच इंग्रजी शब्द होता. काव्यानं मोबाइलवर चुलीचा फोटो टाकून खाली लिहिलंही होतं, 'अव्वाची हसल'.

"राबणं की, अव्वा. पण थांबायचंच न्हाय, असं राबणं."

"राबणं ठाव हाय. थांबायचं न्हाय, हे कुनी सांगितलं?"

नवरा गेल्यावर चंद्रव्वा वळसंगहून सोलापुरात आली, ती तवा आणि कडेवरची काव्या घेऊन. तेव्हापासून जुळे सोलापूर भागात दोन घरचा स्वयंपाक करायचा आणि उरलेल्या वेळात कडक भाकरी थापायच्या. पुण्याच्या एका दुकानाची पाचशे भाकरींची ही पहिलीच मागणी. माल कडक पोचला, तर दर आठवड्याला मागणी येणार होती. मग दुसऱ्यांची चूल सुटणार होती.

माल धाडायला चारची पुण्याची बस गाठायची होती. अडीच वाजले होते आणि आभाळ भरून आलेलं.

हात धुवून चंद्रव्वा काव्यानं भरलेल्या खोक्यांकडे गेली. वरची प्लास्टिकची पिशवी उचलली आणि तिचा हात थांबला. पिशवीला आतून वाफ धरली होती.

"ह्या कवा भरल्यास?"

"तव्यावरनं उतरल्या तशा, गरमच. वेळ वाचावा म्हणून..."

चंद्रव्वानं एक भाकरी मोडली. कट्ट असा आवाज आलाच नाही. भाकरी नुसती वाकली.

"किती हायत असल्या?"

"साठ," काव्या म्हणाली. "अव्वा, राहू दे ना. खाली घालूया. कुणाला कळतंय?"

"खानाऱ्याला कळतंय की."

तिनं साठही भाकरी बाहेर काढल्या, चुलीच्या कडेनं निखाऱ्यांकडे तोंड करून उभ्या केल्या. घड्याळाकडे पाहिलं नाही. काव्या मात्र दर मिनिटाला पाहत होती. साडेतीन झाले, तरी भाकरी वाकतच होत्या.

"दुकानाला फोन लाव," चंद्रव्वा म्हणाली.

"ते मागणी रद्द करतील, अव्वा!"

"लाव."

काव्यानं लावलेला फोन कानाला धरताना चंद्रव्वाच्या बोटांची राख गालाला लागली. "चारशे चाळीस येतील, दादा. साठ मऊ पडल्या, आमचीच चूक." पलीकडचं ऐकत तिनं नुसतं "व्हय... व्हय" केलं आणि फोन ठेवला.

"काय म्हणाले?"

"खाऊन बघतो म्हनाले. पुढचं मग सांगतो."

काव्यानं खोकी रिक्षात चढवली. निघताना मोबाइल काढून विचारलं, "आता फोटोखाली काय लिहू?"

"साठ कमी हायत, म्हनून लिव."