दोरी मोकळी सोडायची नाही

ताईला राग यायला कारण लागत नाही, असं तिच्या पाठीमागे सगळे म्हणतात. साफ खोटं आहे. कारण लागतं, आणि ते हेच लोक पुरवतात. चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायच्या बाकावर ती एकतीस वर्षं बसते आहे. काच फुटली, ओरखडा पडला, म्हणून ती कधी कुणावर ओरडली नाही. ती काच बाजूला ठेवायची आणि दुसरी घ्यायची. पण कुणी ओरखड्यावर बोट फिरवून "चालून जाईल" म्हटलं, की संपलं. "ज्याच्या डोळ्यावर ही बसणार, त्याला विचारलंस का?" असं ती विचारते. एकतीस वर्षांत कुणी "हो, विचारलं" म्हणालेलं नाही.

वय चौपन्न. आईवडील दोन वर्षांच्या अंतराने गेले. दोघंही गेले तेव्हा ती वीस वर्षांची होती आणि भाऊ दहाचा. त्याला तिने शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्न करून दिलं. तो आता चव्वेचाळीसचा आहे, केस विरळ झालेत, तरी घरात त्याला धाकटाच म्हणतात. दोन गल्ल्या पलीकडे राहतो, ताईच्या घराची दुसरी किल्ली त्याच्याकडे असते. मनाने चांगला आहे. एकच खोड. आपल्या माणसाचं भलं कशात आहे हे त्याला त्या माणसाआधी कळतं, आणि एकदा कळलं की तो थांबत नाही. ताईच्या घराच्या भिंतींचा रंग त्याने ती कामावर असताना बदलून घेतला होता. हिरवा! तिला हिरवा आवडत नाही हे त्याला लहानपणापासून माहीत.

ताईची स्वतःची म्हणावी अशी गोष्ट एकच होती, तिचं धनुष्य. पाण्याच्या टाकीमागच्या मैदानावर दर रविवारी सकाळी पाच-सहा जण नेम धरायला जमतात, त्यांत ती बाविसाव्या वर्षापासून आहे. त्याच वर्षी तिथल्या मास्तरांचे हात थरथरायला लागले, तेव्हा त्यांनी आपलं धनुष्य तिला दिलं. तेव्हाच ते जुनं होतं. मधे तांबूस लाकडाची मूठ, वर आणि खाली पुढे वळलेली पाती, सगळं एकमेकांना चिकटवून एकजीव केलेलं. त्यात उघडायला ना स्क्रू, ना बदलायला काही सुटा भाग. देताना मास्तरांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. एक, दोरी चढवण्याआधी कापसाचा बोळा दोन्ही पात्यांवरून फिरवायचा. डोळ्यांना न दिसणारी चीर पडली असेल तर कापसाचा तंतू तिथे अडकतो. अडकला, की त्या धनुष्याला पुन्हा हात लावायचा नाही. आणि दोन, बाण लावल्याशिवाय ओढलेली दोरी मोकळी सोडायची नाही. बाण असला की सगळा जोर तो घेऊन जातो. बाण नसला की तोच जोर उलटा पात्यांत शिरतो आणि त्यांना फाडतो.

ताईने हे दोन्ही नियम धाकट्यालाही शिकवले होते. तो बारा वर्षांचा होता, दर रविवारी तिच्यामागे मैदानावर यायचा. दोरी चढवायला तिच्याखेरीज कुणाला जमत असेल तर त्यालाच. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तो म्हणाला असता, दोरी मोकळी सोडायची नाही.

यंदा ताईचा उजवा खांदा बोलायला लागला. आधी वरच्या फळीवरचा डबा निघेना, मग केस विंचरताना हात अर्ध्यावर थांबायला लागला. डॉक्टरांनी हात वर-खाली करून पाहिला. तिचं धनुष्य ओढायला किती जोर लागतो ते विचारलं. अडतीस पाउंड ऐकल्यावर चष्मा काढून बाजूला ठेवला. (चष्मा ताईच्याच कारखान्यातला होता, तिने ओळखला.)

"नेमबाजी सोडा असं म्हणत नाही," डॉक्टर म्हणाले. "ओढायचं वजन कमी करा, बावीसच्या वर नको. नाहीतर हा खांदा कायमचा अडकेल, मग धनुष्य राहू द्या, कंगवाही हातात धरता येणार नाही."

आता एकसंध धनुष्याचं वजन कमी होत नाही. जे आहे ते आहे. नवीन येतात ती सुटी होणारी, मूठ वेगळी आणि पाती वेगळी, बोल्ट फिरवून लावायची-काढायची. आज बावीस पाउंडाची पाती लावा, खांदा बरा झाला तर सव्वीसची. ताई काही अडाणी नव्हती. दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरताच तिला कळलं होतं की नवीन घ्यावं लागणार. तिला फक्त ते आपल्या पायांनी जाऊन, आपल्या हातांनी बघून घ्यायचं होतं. तेवढंही लोकांनी सुखाने करू दिलं नाही.

धाकटा तिला नेमबाजीच्या सामानाच्या दुकानात घेऊन गेला. म्हणजे तो पुढे आणि ती मागे. दुकानदाराने दोघांना पाहिलं आणि धाकट्यासमोर खुर्ची ओढली.

"साहेब, कोणासाठी?"

"ताईसाठी."

"मग हलकंच द्या त्यांना. या वयात विरंगुळा म्हणून बरं असतं," असं म्हणत त्याने फळीवरून गुलाबी मुठीचं एक धनुष्य काढलं. "लेडीजमध्ये हेच जास्त जातं."

ताई तोवर कोपऱ्यातल्या काळ्या मुठीच्या एका धनुष्यापाशी पोचली होती. तिने बोल्ट हाताने फिरवून पाहिला, पातं खाचेत नीट बसतं का ते पाहिलं. छान बसत होतं. कुणी मधे बोललं नसतं तर तिने ते तेव्हाच घेतलं असतं.

"जुन्याचं काय करायचं?" धाकट्याने विचारलं. ताईला नाही, दुकानदाराला.

"भिंतीवर लावा साहेब. शोभेची वस्तू आहे ती."

"झालं तर मग. माझ्या हॉलमध्ये सोफ्याच्या वर जागा आहे, तिथे मस्त दिसेल."

ताईने काळं धनुष्य जागच्या जागी ठेवलं. तळपायाची आग मस्तकात गेली होती. बत्तीस वर्षं ज्याने तिचा हात सरळ ठेवला ते शोभेची वस्तू, आणि ती स्वतः विरंगुळा! ती दुकानातून सरळ घरी चालत आली.

आणि मग तिने हट्टाने जुनंच ओढलं. एक रविवार, दुसरा रविवार, तिसरा रविवार. यात तिचंही चुकलं, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. रागाच्या भरात ती स्वतःचाच खांदा झिजवत होती. चहाचा कप ती आता डाव्या हाताने धरायची. भावजयीच्या ते ध्यानात आलं, तिने नवऱ्याला सांगितलं, आणि धाकटा रोज संध्याकाळी येऊन तेच ते बोलायला लागला. तू ऐकत नाहीस, तुला कळत नाही, आता मलाच काहीतरी करावं लागेल. बोलून झालं की निघून जायचा. तिचं काय म्हणणं आहे, हे त्याने एकदाही विचारलं नाही.

गुरुवारी कारखान्यात काच चाकावर धरताना तिच्या खांद्यातून कळ गेली. ती मनाशी म्हणाली, चालून जाईल. म्हटलं आणि स्वतःच दचकली. ज्या शब्दांवरून तिने अख्ख्या कारखान्याला धारेवर धरलं होतं, ते तिच्याच तोंडून आले होते. जेवणाच्या सुट्टीत ती उठली, डबा न उघडता दुकानात गेली, एकटी. दुकानदाराने मागे कुणी साहेब आहेत का ते पाहिलं. कुणी नव्हतं. काळी मूठ, बावीस पाउंडाची पाती, असं तिने सांगितलं. पाती सोमवारी येतील, तो म्हणाला.

घरी तिने कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "बघ, आम्ही काय म्हणत होतो" हे ऐकावं लागलं असतं, आणि ते ऐकायची तिची तयारी नव्हती. शिवाय मधे एक रविवार होता. त्या रविवारी जुन्या धनुष्याने सहा बाण मारायचे, फक्त सहा, खांदा सहा बाण सोसेल. मग दोरी उतरवायची, मऊ कापडात गुंडाळायचं आणि कपाटात आडवं ठेवून द्यायचं. कुणाच्या सोफ्यावर टांगायचं नाही. बत्तीस वर्षांनी एवढा निरोप तरी त्याचा हक्काचा होता.

रविवारी सकाळी तिने खुंटीवरची धनुष्याची पिशवी काढली आणि उघडताक्षणी थांबली.

दोरीचे दोन फास सारखे नसतात. मोठा फास वरच्या पात्याचा, लहान खालच्या. दोरी उतरवलेली असली तरी ती तशीच लावून ठेवायची, ही ताईची पद्धत. आज मोठा फास खाली होता. कुणीतरी धनुष्याला दोरी चढवली होती, उतरवली होती आणि परत ठेवताना उलटी अडकवली होती.

तिने कापसाचा बोळा घेतला. खालच्या पात्यावरून तो सरळ गेला. वरच्या पात्यावर, मुठीपासून चार बोटांवर, अडकला. तिने तो सोडवून पुन्हा फिरवला. पुन्हा तिथेच. उजेडात धरूनही चीर दिसत नव्हती, आणि तिचे डोळे काचेवरचा केसाएवढा ओरखडा हातभर अंतरावरून पकडणारे. तिने बोळा सोडून दिला. तो पात्याला तसाच चिकटून राहिला.

धनुष्य हातात घेऊन ती दोन गल्ल्या चालत गेली. धाकटा दारातच बूट पुसत बसला होता. भावजय आत खिडकीपाशी कपड्यांच्या घड्या घालत होती.

"काल माझ्या घरी आला होतास?"

"हो. तुझा नळ गळत होता ना, वॉशर बदलला."

"नळ झाला. मग?"

त्याचं लक्ष कापसाकडे गेलं. त्याने बूट खाली ठेवला. "चुकून सुटली, ताई. सहज ओढून बघत होतो, बोटं घसरली."

"बारा वर्षांचा होतास तेव्हा कधी घसरली नाहीत. आता चव्वेचाळिसाव्या वर्षी घसरली? खरं बोल."

तो उठून उभा राहिला, आणि खोटं बोलणारा माणूस पकडला गेला की जसा उलट चिडतो तसा चिडला. "हो, मुद्दाम सोडली! दोनदा सोडली! काय करणार होतो मी? तू ऐकत नाहीस. ते मोडलं असतं तर तुला नवीन घ्यावंच लागलं असतं. तुझ्या खांद्यासाठीच केलं ना?"

"अहो, तुम्ही केलंत हे?" भावजयीच्या हातातली चादर खाली पडली.

"पण ते मोडलं नाही," तो म्हणाला. "म्हणून परत ठेवून दिलं."

"परत ठेवून दिलंस," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, त्यामुळे ते दोघं जास्तच घाबरले. "आतून फाटलेलं धनुष्य. मला न सांगता. आज मी कापूस न फिरवता ओढलं असतं, तर हे माझ्या तोंडापाशी फुटलं असतं. हनुवटीला दोरी टेकवून ओढते मी, माहीत आहे ना तुला? तूही तसंच ओढायचास."

हे त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. ते आता आलं.

"उद्या नवीन येतंय," ती म्हणाली. "गुरुवारीच सांगून आले. बावीस पाउंडाचं."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "घेतलंस? मग... मग मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस?"

त्याची नजर पुन्हा कापसाकडे गेली.

"इतके दिवस रोज येत होतास. सांगून गेलास, ओरडून गेलास, माझ्या घरात शिरून माझी वस्तू फाडून गेलास. ताई, तू काय ठरवलंयस, एवढं एकदा विचारायला तुझी जीभ झिजली असती? खांदा माझा होता. धनुष्य माझं होतं. आज फक्त सहा बाण मारायचे होते मला. ते सहा बाण तू घेतलेस."

ताईने भावजयीकडे हातोडी आणि दोन खिळे मागितले. खांदा दुखत होता म्हणून डाव्या हाताने ठोकले. वाकडे गेले, पण बसले. सोफ्याच्या बरोबर वर, दारातून आत येणाऱ्याची पहिली नजर जाईल अशा जागी तिने धनुष्य आडवं टेकवलं. त्याला जिथे हवं होतं तिथेच. वरच्या पात्यावर कापूस तसाच होता.

"तो काढायचा नाही," ती म्हणाली. "कुणी आलं, काय आहे विचारलं, तर खरं सांगायचं."

पुढच्या रविवारी ताई मैदानावर पोचली तेव्हा धाकटा आधीच तिथे उभा होता. आठवड्यात तीन जणांनी त्याला त्या कापसाबद्दल विचारलं होतं, हे तिला भावजयीकडून कळलं होतं. ती त्याच्याशी बोलली नाही. तिने बाकावर पिशवी उघडली, काळी मूठ काढली, नव्या पात्यांवरून एकेक करून कापूस फिरवला. तो कुठे अडकला नाही. मग ती बोल्ट लावायला बसली.

तो दोन पावलं पुढे आला आणि तिथेच थांबला.

"ताई, मी जोडून देऊ का?"

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

"विचारलंस, हे बरं केलंस," ती म्हणाली. "नको."

आणि डाव्या हाताने तिने बोल्ट घट्ट केला.