ड्रमची अकरा मिनिटं

कांदिवलीच्या घराचा माळा आवरताना कॅसेटचा खोका उघडला, जुन्या टेपचा कोंदट वास आला आणि मुलुंडची महेशची खोली आठवून माझं डोकंच तापलं.

कॉलेजच्या आमच्या ग्रुपमध्ये रॉकमधलं कळायचं ते फक्त महेशला, असं सगळ्यांनी मानूनच टाकलं होतं. त्या दुपारी त्याचा लाडका अल्बम ऐकायला आम्ही पाच जण जमलो होतो; मुलगी मी एकटीच. पंख्याच्या आवाजात गिटार नीट ऐकू येत नाही म्हणून त्याने पंखा बंद केला होता. सगळे घामाघूम होऊन, डोळे मिटून माना डोलावत होते. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला अकरा मिनिटं नुसते ड्रम वाजले. मी म्हणाले, "पहिलं गाणं झकास आहे रे, पण हा नुसता टाइमपास आहे."

महेशने टेप थांबवला. "तुला काय कळतं गं? तू कव्हरवरच्या गायकाचे केस बघ."

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसला अजित. येताना रस्त्यात तोच मला म्हणाला होता, "ते ड्रम जाम बोअर आहेत यार."

मी चक्क "सॉरी" म्हणाले.

आज फोनवर तो अल्बम पुन्हा ऐकला. ड्रम अजूनही तितकेच रटाळ आहेत. महेश उर्मट होता, पण त्याला वाटलं ते तो बोलला. अजितला माझं पटलेलं असूनही तो हसला.

पुढे त्याच अजितशी मी लग्न केलं. अजूनही चारचौघांत काही बोलले, की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघते.