पहिला हंडा

सगळ्या सोलापुरात आमच्या घरमालकीणबाईंइतकं दान कुणी केलं असेल की नाही, ते मला सांगता येणार नाही. पण त्यांच्याइतकं खेकसत दान करणारं माणूस दुसरं झालं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगेन. दारात कुणी भुकेला उभा राहिला की त्याची आधी उलटतपासणी व्हायची. "आंघोळ कधी केलीस? नखं बघ की तुझी! बस तितं. हात धू आधी." बिचारा भाकरीच्या आशेनं हात धुवायचा, बाईंच्या सांगण्यावरून पुन्हा धुवायचा, आणि मग त्याच्यापुढं भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा यायचा, तेही ताटात. झोळीत किंवा पदरात टाकायची पद्धत त्या घरात नव्हती. बाई मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, तेव्हाचा तो सगळा खाक्या. निवृत्त झाल्यावर रोगी राहिले नाहीत, म्हणून भिकारी हाती धरले, असं त्यांचे यजमान म्हणायचे. यजमान म्हणजे निवृत्त मास्तर. स्वभावानं गरीब, आणि घरातल्या नियमांचे पहिले बळी.

नियम एकच होता: घरात येईल त्यातलं पहिलं गरजवंताचं. पहिली भाकरी, पहिला आंबा, पहिलं नवं कापड. आता पहिली भाकरी तव्यावर धड जमत नाही हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. बाईंनी त्यावर तोड काढली होती. बिघडलेली भाकरी मास्तरांच्या ताटात जायची आणि पुढची जी टम्म फुगेल ती 'पहिली' ठरायची. "लग्नाला चाळीस वर्षं होत आली," मास्तर मला एकदा हळूच म्हणाले, "पण आमच्या घरी आंबा गोड निघतो का आंबट, हे मला तो खाऊन गेलेल्या हमालाला विचारावं लागतं." थंडीसाठी हौसेनं घेतलेली नवी चादर त्यांनी एक रात्रही पांघरली नव्हती. ती स्टेशनवरच्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर दिसली, तेव्हा मास्तरांनी तिचा काठ प्रेमानं चाचपून पाहिला आणि घरी येऊन जुन्या चादरीला ठिगळ लावायला बसले.

हे सगळं कशासाठी, असं मी एकदा विचारलं. मी त्यांच्या पुढच्या खोलीत राहणारा कारकून, आणि बाई मला हाकही 'ए कारकुना' अशीच मारायच्या. "आमच्याकडे नैवेद्य दाखवतात, तसंच ना हे?" मी म्हणालो. "तसंच की," बाई म्हणाल्या, "पर तुमचा देव नैवेद्य बघून परत देतो. आमचा खाऊन ताट बी चाटून जातो." भुकेल्याच्या रूपात प्रभू येतो, यावर त्यांची इतकी घट्ट श्रद्धा होती की मग त्या प्रभूवर त्या एवढ्या खेकसायच्या कशा, हे कोडं मला कधी सुटलं नाही. त्यांच्या चर्चच्या पाळकांनाही सुटलं नसावं. त्यांनी एकदा अंगणात बसून समजावलं की देणाऱ्यानं हसतमुखानं द्यावं, देवाला ते आवडतं. "आवडत असंल," बाई म्हणाल्या, "पर माझं तोंड बघून त्याचं प्वाट भरतंय व्हय?" पाळक चहा पिऊन गेले.

मग त्र्याहत्तरचा तो दुष्काळी उन्हाळा आला. नळ आठवड्यातून कधीतरी नुसते सुस्कारे टाकून जायचा. बाईंच्या परसात आड होता. रात्रभर झिरपेल तेवढं पाणी पहाटे निघायचं. समोरच्या मोकळ्या जागेत मैंदर्गीकडचं एक कुटुंब पाल ठोकून राहिलं होतं. नवरा खडी फोडायला जायचा, बायको लेकराला कडेवर घेऊन पाणी शोधत फिरायची. पहिला हंडा तिचा ठरला. त्यातच मास्तरांना मुतखडा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, औषध पुढचं पुढं, आधी भरपूर पाणी पाजा. कळा सुरू झाल्या की मास्तर उशी दातांत धरायचे. आडातून तीन हंडे निघत होते ते दोनावर आले, आणि एके सकाळी मी पोहरा सोडला तर तो खडकावर खणकन आपटला. खरवडून खरवडून, फडक्यातून गाळून, जेमतेम एक हंडा भरला.

पालातली ती बाई दारात उभी राहून सगळं बघत होती. "आज नगं, बाई," ती म्हणाली. "मास्तरास्नी ठिवा."

"पयला हंडा माझा न्हाईच. उचल म्हणते न्हवं?" घरमालकीणबाई म्हणाल्या.

मला राहवलं नाही. "बाई, आता दुसरा निघायचा नाही. दिवसभर मास्तरांना काय पाजणार? पहिला द्यायचा नियम दुसरा असेल तेव्हाचा!"

बाईंनी माझ्याकडं पाहिलं. मी त्या घरात आल्यापासून त्या पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. "देवानं आपला ल्योक दिला, तवा त्येच्याकडं दुसरा हुता व्हय रं?"

आतून, खाटेवरून, मास्तरांचा आवाज आला, "जा गं पोरी, घेऊन जा. उगं वाद नगं."

तिनं हंडा उचलला, उंबऱ्यापर्यंत गेली आणि थांबली. हंडा खाली ठेवून म्हणाली, "बाई, ह्यो आता कुणाचा?"

"तुझा. कितींदा सांगू?"

"मग माझ्यातलं पयलं मास्तरास्नी." खाटेपाशी मास्तरांचा मोठा तांब्या होता. तो तिनं आत जाऊन आणला, काठोकाठ भरला आणि बाईंच्या पुढं धरला.

जन्मभर देत आलेल्या त्या बाईंना घ्यायचं कसं, ते ठाऊकच नव्हतं. नाही म्हणावं तर आपलाच नियम मोडतो. शेवटी त्यांनी दोन्ही हात पुढं केले, चर्चमध्ये प्रसादाची भाकर घेताना करतात तसे. "एवढा भरत्यात व्हय गं? सांडतंय बघ," त्या खेकसल्या. तांब्यातलं पाणी सांडत नव्हतं. बाई रडत होत्या.

मास्तर ते पाणी दिवसभर घोट घोट पुरवून प्यायले. पुढं पाऊस पडला, खडा पडला, पाल उठलं आणि माझी बदली झाली. आता मी राहतो तिथं नळाला वाटेल तेव्हा पाणी येतं, आणि दाराशी कुणी येत नाही. एकदा कामानिमित्त सोलापूरला गेलो, तेव्हा मास्तर एकटेच ओट्यावर बसले होते. त्यांनी स्वतः भाकरी थापून मला जेवायला घातलं. पहिलीच भाकरी होती, चांगली फुगलेली. "तुम्ही घ्या ना," मी म्हणालो. मास्तरांनी मान हलवली आणि ताट माझ्याकडं सरकवलं. "खा," ते म्हणाले, "ती असती तर तुला आधी हात धुवायला लावले असते."