गिटारच्या डब्यांची पेटी

आमच्या भीमगीतांच्या पार्टीत मी गिटार वाजवतो. पोट मात्र तिरोड्यातल्या माझ्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानावर चालतं. गिटारइतकाच माझा जीव तिच्या पेडलांवर आहे. ही पेडलं म्हणजे पायाने दाबायच्या लहान लोखंडी डब्या. एकीने आवाज घुमतो, एकीने फाटतो, एकीने लांबत जातो. पार्टीत त्यांना पेडल कुणी म्हणत नाही, डब्याच म्हणतात. माझ्या सहा डब्या आहेत आणि इतकी वर्षं मी त्या बाजाराच्या पिशवीत कोंबून न्यायचो. पोचलो की पिशवी उपडी करायची, वायरींचा गुंता सोडवायचा, एकेक डबी जोडायची. मग एखादी बोलायचीच नाही, की पुन्हा पहिल्यापासून. दिवसभर लोकांचे मोबाईल उघडून बसणारा मी, पण स्वतःच्या वायरींपुढे माझी मती गुंग व्हायची.

जयंतीच्या महिन्यातल्या शेवटच्या कार्यक्रमात हे जोडकाम अर्धा तास चाललं. समोरची माणसं उठून पाणी प्यायला गेली, ती परत आलीच नाहीत. पार्टीची मुख्य गायिका, जिला आम्ही सगळे ताई म्हणतो, तिने सामान आवरताना मला शांतपणे सांगितलं, "भाऊ, तुम्ही वायर जोडून राहता अन् लोक उठून जाऊन राहतात. आता वर्षावासाच्या समारोपाले पाहू. पाच मिनटात लागलं तं ठीक. नाही तं तुमचा पार्ट कीबोर्डवर घेऊ."

कीबोर्डवाला गोंदियाचा. माझा दोस्त, पण त्याच्या कीबोर्डात गिटारचाही आवाज आहे, हे मी विसरू शकत नव्हतो. पुढे पावसाळ्यात एकदा माझ्या दुकानासमोर चहा पिताना त्याने स्वतःच कबूल केलं. ताईच्या सांगण्यावरून त्याने माझा सगळा पार्ट बसवला होता, फक्त तिला अजून वाजवून दाखवला नव्हता. मी चहा तसाच ठेवला.

पण पेटीचं काम मी त्याआधीच, मे महिन्यात, हाती घेतलं होतं. सगळ्या डब्या एका फळीवर कायमच्या ठोकायच्या, वायरी जोडूनच ठेवायच्या, झाकण उघडलं की वाजवायला सुरुवात. बायकोचे मामा सालेकशाकडे सुतारकाम करतात. त्यांचा हात बसलेला धानाच्या कोठ्यांवर. मला मोटारसायकलवर नेता येईल अशी हलकी पेटी हवी होती, म्हणून त्यांनी आंब्याच्या फळ्या काढल्या. झाकण कोठीसारखं कडांच्या आत बसणारं केलं, तेही असं घट्ट की फटीत पोस्टकार्ड जाईना. मी म्हटलं, जरा सैल ठेवा. ते चिडलेच. "काऊन? उंदीर घालाचा आहे का आतमंधी?" एवढ्यावर वाद मिटला. आणि खरं सांगायचं तर ते घट्ट झाकण पाहून मीही फुशारलो होतो.

पावसाळाभर मी पेटीसमोर बसून सराव केला. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी म्हणून झाकण कधी लावलंच नाही. समारोपाच्या दिवशी सकाळी पहिल्यांदा लावायला गेलो, तर ते बसेना. पावसाळ्यात लाकूड फुगतं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मी काय केलं? झाकणावर बसलो. ते कर्रकन आत गेलं आणि मी खूश होऊन पेटी गाडीला बांधली.

कार्यक्रमाचं बुद्धविहार चोरखमाऱ्याजवळच्या एका गावात होतं. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्याचे, तीन महिने तिथे रोज ग्रंथवाचन चाललं होतं, त्यामुळे दुपारी अख्खं गाव जमलं होतं. मागे पुऱ्या तळणं चालू होतं. ताईने माझ्याकडे पाहून 'लावा' म्हणून मान हलवली. मी कडी काढली, झाकण ओढलं. ते हललंच नाही. पुन्हा ओढलं, गुडघा लावून ओढलं. घाम कानामागून गळायला लागला. आता मला कुणी काढायची गरजच नाही, मी स्वतःच्या हाताने स्वतःला काढलंय, असं वाटून रडूच येईल की काय अशी गत झाली.

पाच मिनिटं होऊन गेली असतील. ताई कीबोर्डवाल्याकडे वळून म्हणाली, "घ्या तुम्ही. भाऊचा पार्ट वाजवा."

तो आपल्या कीबोर्डकडे बघत म्हणाला, "मेरे को नहीं आता, ताई."

तेवढ्यात पुढे बसलेल्या एक आजी उठल्या. "ओढू नको गा. ओढलं का आणखी बसते. कोठीचं झाकन पान्यापावसात असंच करते." त्यांनी पुऱ्या लाटणाऱ्या बायांकडून लाटणं मागवलं आणि पेटीच्या चारी बाजूंनी कडेकडेने हलके ठोके देत फिरल्या. दुसऱ्या फेरीला झाकण आपणहून बोटभर वर आलं. आतल्या सगळ्या डब्या जागच्या जागी होत्या. प्लग लावला आणि डब्यांचे सहाही दिवे एकदम पेटले. जिवात जीव आला. पहिलं गाणं मी डब्यांकडे बघतच वाजवलं, दुसऱ्यापासून मी दात काढून वाजवत होतो. शेवटी ताई एवढंच म्हणाली, "पुढच्या रविवारी सालेकशाले जायचं आहे. येजा." त्या बोलावण्याने मला जे हायसं वाटलं ते सांगता यायचं नाही. मी तीन पुऱ्या उभ्याउभ्याच खाल्ल्या.

परत निघताना कीबोर्डवाल्याने मला पेटी गाडीला बांधायला मदत केली. मी त्याला विचारलं, "तुला तर सगळा पार्ट येतो ना?"

"आता है. पूरा आता है." तो दोरीची गाठ आवळत राहिला. "तू सामने बैठ के सुनता, तो मेरे से बजता क्या?"

त्याने गाठ ओढून पाहिली आणि झाकणावर थाप मारली.

"इसको रंदा मरवा ले," तो म्हणाला. "हर बार झूठ नहीं बोलूँगा."