राजवीरची राहिलेली गळाभेट

उचगावचा राजवीर माझ्या तालमीतला सगळ्यात तयारीचा गडी. आणि त्यालाच ह्या वर्षी खूळ लागलं. संध्याकाळची मेहनत झाली की अंगावरची माती न पुसता मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसायचा आणि कुणाशीतरी अगम्य बोलत राहायचा. मी गुंडू वस्ताद, आसलं खपवून घेणारा न्हाय. फोनलाच चिकटायचं आसंल तर लंगोट सोड आणि दुकान घाल, आसं तोंडावर बोललो. तवा कळलं, गडी फारसी शिकतोय. इराणातल्या माणसांशी रोज बोलून बोलून.

त्याचं कारण मला ठाऊक हुतं. गेल्या वर्षी कुरुंदवाडच्या मैदानात त्याची कुस्ती बेहरूज नावाच्या इराणी पैलवानाशी लागली. राजवीरनं पाठीवर घेऊन धोबीपछाड मारली आणि बेहरूज खांद्यावर पडला. आमच्यात रीत हाय, जिंकणाऱ्यानं आधी पडलेल्याला उठवायचं, गळाभेट घ्यायची, मग लोकांकडं बघायचं. पण आमची पब्लिक कुठली दम धरतीया? उचललं की पोराला खांद्यावर. हलगी कडाडली, फेटं उडालं. बेहरूजचा खांदा निखळलाय हे राजवीरला वरनं दिसत हुतं आणि खाली उतरता येत नव्हतं. उतरला तवर त्याला दवाखान्यात नेलतं, आणि तिथनंच तो मायदेशी गेला.

तवापासनं राजवीरचा हात आखडला. गडी पाठीवर घेतला की ह्याची पकड ढिली. ओळीनं कुस्त्या हरला. आसंच चाललं तर पोरगं संपतंय, हे मला उघड दिसत हुतं. माफीच मागायची तर फोनवर भाषांतर करून दे की पाठवून, म्हटलं.

तर म्हणतोय, "वस्ताद, गळाभेट दुसऱ्याच्या हातानं घेत्यात व्हय?"

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. इस्फहानचा एक भट्टीवाला, कुस्तीचा शौकीन, रोट्या भाजत भाजत ह्याला शिकवायचा, चुकलं की दटवायचा. ऐकतोय तर काय, कुस्तीला कोश्ती, पैलवानाला पहलवान, वस्तादला ओस्ताद. मी चाट पडलो. जलमभर ज्या शब्दांनी पोरांवर वरडलो, ते कुठल्या मुलखातनं चालत आमच्या मातीत आलं आसतील? एकदा त्या भट्टीवाल्यानं फोनवर त्यांची जुनी तालीम दाखवली. जमिनीत खोल खणलेला कुस्तीचा हौदा, दार बुटकं, वाकल्याबिगर आत जाताच येत न्हाय. उतरणारा प्रत्येक जण जमिनीला हात लावून ओठाला लावत हुता. आमची पोरं कपाळाला लावत्यात, एवढाच फरक. माझं हात आपसूक जोडलं गेलं.

बेहरूजचा नंबर त्या भट्टीवाल्यानंच काढून दिला. एका सकाळी राजवीरनं फोन आमच्या हौद्याच्या कडेला उभा केला. बेहरूज दिसला आणि घोकलेलं सगळं पोरगं विसरलं. "पहलवान, मरा बेबख्श," एवढंच निघालं. मला माफ कर. मग अडखळत, तुटक तुटक, गळाभेट राहिली ते सांगितलं, हात आखडला तेबी सांगितलं.

बेहरूजनं उजवा हात उचलला. खांद्याएवढा आला आणि थांबला, त्याच्या वर जात नव्हता. राजवीरनं मान खाली घातली. माझ्याच्यानं बघवंना.

मग बेहरूज सावकाश बोलला, कळावं म्हणून एकेक शब्द सोडत. राजवीरनं मला मराठीत सांगितलं. "म्हणतोय, माझा हात गेला तो गेला. तू पकड सोडलीस तर तो फुकट गेला. तिथं कोण आसंल त्याला उचल, मला बघू दे."

राजवीरचा जोडीदार सोमेश मातीतच उभा हुता. राजवीर उतरला, त्याला पाठीवर घेतला, आणि पकड परत ढिली व्हायला लागली. मी वरडणार, तेवढ्यात फोनातनं बेहरूजच वरडला, "जूर बेजन!" जूर म्हंजे आमचा जोरच, तालमीतल्या एकालाबी अर्थ इचारावा लागला न्हाय. सोमेश आभाळ बघत पडला. राजवीरनं त्याला हात देऊन उठवलं, गळ्याशी धरलं, आणि त्याच्या खांद्यावरनं फोनकडं बघत ढसाढसा रडाय लागला. तिकडं बेहरूजनं दोन्ही हात पसरलं हुतं, एक पुरा आणि एक अर्धा.